प्रक्षेपणाआधीचे कागद : सुस्मिता मोहंती यांच्या उद्योगाची पार्श्वभूमी

सुस्मिता मोहंती यांनी तीन खंडांत तीन अंतराळ कंपन्या काढल्या, ही गोष्ट त्यांची ओळख करून देताना हमखास सांगितली जाते. त्यांतल्या तिसऱ्या, म्हणजे भारतातल्या कंपनीची वाट रॉकेटच्या तंत्रज्ञानाने नव्हे, तर एका परदेशी परवान्याने अडवली होती, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

कटकमध्ये जन्म, अहमदाबादेत बालपण आणि वडील भारतीय अंतराळ कार्यक्रमात शास्त्रज्ञ, अशी घरची पार्श्वभूमी होती. विद्युत अभियांत्रिकीनंतर औद्योगिक संकल्पन, पुढे स्ट्रासबर्गमध्ये अंतराळविषयक शिक्षण आणि अमेरिकेत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या प्रकल्पावर नोकरी, असा त्यांचा प्रवास झाला. 2001 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणि 2004 मध्ये व्हिएन्नात त्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. अंतराळात माणसाने राहायचे कसे, यानातली जागा कशी आखायची, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. 2009 च्या सुमारास बंगळूरुत सुरू झालेल्या कंपनीचे काम मात्र वेगळे होते, आणि पुढचा सगळा गुंता तिथेच आहे.

या कंपनीला ‘भारतातली पहिली खासगी अंतराळ स्टार्टअप’ म्हटले जाते. हे बिरुद जपूनच वापरायला हवे. विक्रोळीत रॉकेटची ‘विकास’ इंजिने आणि वालचंदनगरात रॉकेटच्या मोटारींची कवचे त्याच्या कितीतरी आधीपासून तयार होत होती, आणि हे कारखाने खासगीच होते. फरक असा की, ते सरकारी आराखड्याबरहुकूम माल घडवून देणारे पुरवठादार होते. गिऱ्हाईक शोधणे त्यांच्या कामात बसत नव्हते. बंगळूरुची कंपनी नेमके तेच करू पाहत होती. परदेशी उपग्रहाचा मालक आणि भारतीय रॉकेट यांची गाठ घालून द्यायची, दर, विमा, वेळापत्रक आणि कागदपत्रे मार्गी लावायची, असा हा व्यवहार होता. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत ही आडत झाली. या शब्दाला कमीपणा चिकटला आहे खरा, पण ज्या देशात रॉकेट सरकारच बांधत होते आणि सरकारी कंपनीच विकत होती, तिथे 2009 साली उद्योजकाला शिरायला दुसरे दार नव्हतेच.

पीएसएलव्ही या भारतीय रॉकेटने 26 मे 1999 रोजी कोरिया आणि जर्मनीचे उपग्रह नेले होते, आणि एप्रिल 2007 मध्ये एका इटालियन उपग्रहासाठी स्वतंत्र उड्डाणही झाले होते. तरीही अमेरिकी कंपन्या दूर होत्या. अमेरिकेने 2005 पासून असे धोरण ठेवले की, व्यावसायिक प्रक्षेपणाबाबत भारताशी वेगळा करार झाल्याशिवाय अमेरिकी व्यावसायिक उपग्रह भारतीय रॉकेटवर जाऊ नयेत. सरकारी पैशावर बांधलेले रॉकेट खासगी रॉकेटांचे दर पाडते, ही त्यामागची तक्रार. ती अगदीच निराधार नव्हती. पण चीन, रशिया आणि युक्रेन यांच्याशी 1990 च्या सुमारास आणि नंतरच्या दशकात केलेले असे करार 2001 पर्यंत संपलेही होते. जे बंधन जुन्या स्पर्धकांवरून उठले, तेच नव्याने येणाऱ्यावर कशासाठी, याचे पटण्यासारखे उत्तर कधी मिळाले नाही. जुलै 2009 मध्ये भारत आणि अमेरिकेत तंत्रज्ञान-सुरक्षेचा करार झाला, त्याने अमेरिकी सुटे भाग असलेल्या उपग्रहांची थोडी सोय झाली. व्यावसायिक उपग्रहांचा प्रश्न तसाच राहिला. जानेवारी 2011 मध्ये भारतीय अंतराळ संस्था अमेरिकेच्या निर्बंध-यादीतून बाहेर आल्या, तरीही तो सुटला नाही.

शेवटी धोरण बदलले नाहीच. एकेका उपग्रहापुरती सूट मिळू लागली. सप्टेंबर 2015 मध्ये चार छोटे अमेरिकी उपग्रह पीएसएलव्हीवरून गेले. जानेवारी 2016 मध्ये तिथल्या एका सल्लागार समितीने भारतीय रॉकेटांना दार उघडू नये, असेच मत दिले, आणि त्याच वर्षी 22 जूनला पीएसएलव्ही-सी34 ने वीस उपग्रह नेले, त्यांत एका बड्या इंटरनेट कंपनीच्या मालकीचा सुमारे 110 किलोंचा छायाचित्रण उपग्रह होता. हा व्यवहार जुळवण्यामागे मोहंती यांच्या कंपनीचे काम होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ त्याच रॉकेटवर होता. त्याचे वजन जेमतेम एक किलो, म्हणजे साखरेच्या एका पुड्याएवढे. पुण्यात साहजिकच बातमी त्याची झाली. शेजारच्या अमेरिकी उपग्रहाला श्रीहरिकोट्यापर्यंत पोहोचण्यासाठी किती सह्या लागल्या, हे कोणी विचारले नाही.

त्यानंतर आठ महिन्यांतच, 15 फेब्रुवारी 2017 रोजी एका उड्डाणात 104 उपग्रह गेले आणि त्यांपैकी 96 अमेरिकी होते. अपवादच नियमासारखा चालू लागल्यावर परवान्याची वाट माहीत असणाऱ्या मध्यस्थाचे महत्त्व ओसरणे स्वाभाविक होते. जून 2020 मध्ये भारत सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्याची घोषणा केली, आणि 18 नोव्हेंबर 2022 रोजी हैदराबादच्या एका कंपनीचे स्वतःचे रॉकेट उडाले. आज अंतराळ उद्योजक म्हटले की, अशी रॉकेटे बांधणारी तरुण मंडळी डोळ्यांसमोर येतात. मोहंती यांनी 2021 मध्ये बंगळूरुतच अंतराळ-धोरणाचा अभ्यास करणारा एक विचारगट सुरू केला.