पहिल्या भेटीआधी ‘डिटॉक्स’ करून येऊ नका

झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे, कशातच मन लागत नाही, म्हणून आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आमच्याकडे पोहोचण्याआधीच काहीतरी करून आलेले असतात. कुणी आठवडाभर नुसत्या रसांवर राहिलेले, कुणी चहा, साखर, गहू आणि दूध एका दमात सोडलेले, तर कुणी दुकानातून व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून सुरू केलेल्या. “शरीर आतून साफ करून आलोय, आता तुम्ही फक्त आहार लिहून द्या,” असे मोठ्या उत्साहाने सांगतात. हेतू चांगलाच असतो, पण या एका आठवड्यापायी पुढचे काही आठवडे वाया जातात.

पहिले नुकसान वहीचे. पहिल्या भेटीला आम्ही सात दिवसांची खाण्याची नोंद मागतो. दुपारचे जेवण रोज चुकते का, संध्याकाळी कॉफीवर आणि बिस्किटांवर वेळ मारून नेली जाते का, रात्री उशिरा भरपेट खाऊन मग झोप का लागत नाही, याचा माग त्या नोंदीतूनच लागतो. रसांच्या आठवड्याची वही कितीही सुवाच्य असली तरी तुमच्या नेहमीच्या खाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. आम्ही कुणाला रागावत नाही. रात्री अकराला खाल्लेले आइस्क्रीम लिहायला लाजू नका, आम्हाला नेमके तेच हवे असते.

दुसरे नुकसान जास्त महागात पडते, ते रक्ततपासणीचे. बी-१२ कमी पडले तर उदासी, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या अशा तक्रारी येऊ शकतात, आणि कधीकधी त्या रक्तक्षय नसतानाही येतात. मात्र गोळ्या सुरू केल्या की रक्तातली पातळी वर येते आणि मुळात कमतरता होती का, हे अहवालावरून कळेनासे होते. ती आहारातून आली की शरीरात शोषणच होत नव्हते, हे शोधणे मग आणखी अवघड. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा बरीच वर्षे अॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांमध्ये शोषणाची अडचण असू शकते. फॉलिक अॅसिडची गोष्ट आणखी फसवी आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड घेतले तर रक्ताचे चित्र सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते.

केसांसाठी मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन असते. त्याचा डोस मोठा असेल तर काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात: टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) खोटाच कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटीच जास्त. आधीच धडधड आणि अस्वस्थता असलेल्या माणसाच्या हातात असा अहवाल पडला तर नसलेल्या आजारामागे धावाधाव सुरू होते. कडक उपासानेही टी-३ हे थायरॉइडचे संप्रेरक खाली येते. अशा वेळी आम्हाला थांबून तपासणी पुन्हा करायला सांगावी लागते आणि “परत रक्त द्यायचे?” हा प्रश्न ऐकावा लागतो.

“पण डिटॉक्सच्या दुसऱ्या दिवशी डोके दुखत होते, म्हणजे विष बाहेर पडत होते ना?” हा आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा तुम्ही त्या दिवशी चहा-कॉफी सोडलेली असते. कॅफीन अचानक बंद केल्यावर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड सुरू होते आणि ती आठवडाभरही टिकू शकते. कमी करायचेच असेल तर रोज थोडे थोडे कमी करा. वजन दोन किलो उतरल्याचा आनंदही जरा आवरा. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी वापरली जाते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही निघून जाते. नेहमीचे जेवण सुरू झाले की ते वजन परत येते.

सफाईचे काम शरीरात अखंड चालू असते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळपास सगळे पाणी परत घेतात. यकृत औषधे, मद्य आणि शरीरात तयार झालेला कचरा टप्प्याटप्प्याने बदलून बाहेर टाकण्याजोगा करते. त्यासाठी लागणारे ग्लुटाथायोन अमिनो आम्लांपासून बनते, म्हणजे त्याला प्रथिने लागतात. नुसत्या रसांत नेमकी तीच नसतात. यकृताला मदत म्हणून त्याचाच कच्चा माल बंद करणे आम्हाला पटत नाही.

हे काम खरोखर कोलमडले तर मनावर परिणाम होतो, यात शंका नाही. यकृत निकामी होऊ लागले की अमोनिया साचतो. माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, त्याचा स्वभाव बदलतो. पण तो रुग्णालयाचा विषय आहे, तिथे रस उपयोगाचा नाही.

डिटॉक्सचे पॅकेज आम्ही का ठेवत नाही, असे अनेक जण विचारतात. ठेवले असते तर खपले असते, याची आम्हाला कल्पना आहे. पण उपाशी माणसाचे मन कसे होते हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे झालेल्या प्रयोगात दिसले आहे. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवले, तेव्हा ते उदास आणि चिडचिडे झाले, कशातच रस घेईनासे झाले आणि सतत खाण्याचाच विचार करू लागले. रसांच्या अनेक योजनांत यापेक्षाही कमी कॅलरी असतात.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी काहींना १२ आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन आणि इतरांना गप्पागोष्टींची सोबत देण्यात आली. आहाराच्या गटात साधारण एक तृतीयांश लोकांची लक्षणे जवळपास नाहीशी झाली, दुसऱ्या गटात ८ टक्के लोकांची. चाचणी लहान होती आणि बहुतेकांचे नेहमीचे उपचारही चालू होते, हेही सांगायला हवे. तो आहार भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल असा भरपेट होता. एकेका गोळीकडून मात्र अशी अपेक्षा ठेवू नका: १८ हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘ड’ जीवनसत्त्वाने नैराश्य टळले नाही. म्हणून तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय आम्ही नुसत्या मनःस्थितीसाठी ते सुचवत नाही.

मानसोपचाराची औषधे चालू असतील तर पुढचे दोनदा वाचा. लिथियम घेणाऱ्याने अचानक मीठ तोडले किंवा शरीरातले पाणी कमी होऊ दिले, तर लिथियमची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. डिटॉक्ससाठी घेतली जाणारी कोळशाची पेये पोटातले औषधही शोषून घेतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्याच्या अनेक गोळ्यांबरोबर घेणे घातक आहे. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. औषधे आम्ही बदलत नाही, बंद करायलाही सांगत नाही. तुमची संमती असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून आहार त्यांच्या उपचारांशी जुळवून देतो. पहिली भेट लांबते ती यामुळेच, आणि त्याच दिवशी छापील तक्ता हातात मिळत नाही तोही यामुळेच.

येताना सात दिवसांची खरी नोंद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसह आणि जुने रक्ताचे अहवाल आणा. घरी स्वयंपाक दुसरे कुणी करत असेल तर त्यांनाही सोबत आणा, त्यांचे वेगळे शुल्क नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध चालूच ठेवा. स्वतःहून काही सुरू केले असेल, तर ते काय आणि कोणत्या तारखेपासून, एवढे फोनवर आधी कळवा. तपासणी कधी करायची ते आम्ही सांगू आणि भेटीची तारीख त्याप्रमाणे देऊ.