डिस्प्ले चष्मा: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. "दादा, दोन्हींवर मायक्रो-ओलेड लिहिलंय, दोन्हींत प्रत्येक डोळ्याला १९२० बाय १०८० पिक्सेल. वर स्वस्तवाला म्हणतो पडदा २०१ इंची, आणि महागडा म्हणतो १७१ इंची. मग दुप्पट पैसे कशाचे?"

तो रेनिओ एअर ३एस आणि एक्सरियल वन प्रो या डिस्प्ले चष्म्यांबद्दल विचारत होता, म्हणजे डोळ्यांसमोर हवेत मोठा पडदा दाखवणाऱ्या चष्म्यांबद्दल. मायक्रो-ओलेड हा त्यांच्या आतला, चित्र उमटवणारा इवलासा पडदा. पहिला दोनशे-तीनशे डॉलरच्या घरातला, दुसरा सहाशेच्या आसपासचा. दोन्ही चष्मे केबलने फोनला किंवा लॅपटॉपला जोडायचे असतात आणि वीजही तिथूनच घेतात. कॅमेरेवाले रे-बॅन मेटा ही वेगळी जात. त्यांच्या साध्या मॉडेलमध्ये पडदाच नसतो, हे आधी सांगून टाकतो, कारण दुकानात दोन्ही एकाच शेल्फवर दिसतात.

आता इंचांचं कोडं. डोळ्यांसमोर हवेत तरंगणाऱ्या पडद्याला स्वतःचं असं माप नसतं, असतो तो फक्त कोन. स्वस्त चष्म्याचा तिरका कोन (पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा) ४६ अंश, वन प्रोचा ५७. तोच ४६ अंशांचा पडदा चार मीटरवर आहे असं मानलं तर १३० इंचांच्या आसपास भरतो आणि सहा मीटरवर मानलं तर २०० इंच. म्हणजे २०१ हा आकडा सहा मीटरवरचा आहे आणि १७१ हा चार मीटरवरचा. त्यामुळे इंच विसरा, अंश बघा. ४६ अंश म्हणजे २७ इंची मॉनिटर साधारण ८० सेंटिमीटरवरून दिसतो तेवढा. ५७ अंश म्हणजे तोच मॉनिटर ६३ सेंटिमीटरवर ओढून घेतला तर. फरक आहे, पण घरातला मॉनिटर सोडून थिएटरात जाऊन बसल्याइतका नाही.

आणि महागड्यात चित्र जास्त रेखीव दिसतं हा समज तर उलटाच आहे. पिक्सेल तेवढेच, फक्त जास्त जागेवर पसरलेले. ढोबळ भागाकार करून बघा (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण २२०० पिक्सेल, भागिले अंश): स्वस्तात एका अंशाला ४८ पिक्सेल येतात, महागड्यात ३९ च्या आसपास. बारीक अक्षरांच्या कडा स्वस्त चष्म्यात तसूभर जास्तच नीट दिसतात. मी दोन्ही घालून एकच एक्सेल शीट उघडली, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं.

तरीही ती शीट मी काम करायला महागड्यातच ठेवली. का, ते सांगतो. स्वस्त चष्म्यात पडदा डोक्याला चिकटलेला असतो. मान वळवली की पडदाही वळतो. सिनेमा बघताना याचं काही वाटत नाही, पण शीटच्या उजव्या कोपऱ्यातला आकडा वाचायला मान सहज उजवीकडे जाते आणि तो कोपरा तेवढाच पुढे पळतो. कडांची अक्षरं आधीच थोडी पुसट असतात. अर्ध्या तासात कपाळ जड होतं. एक्सरियल वन आणि वन प्रो यांच्यात एक्स१ नावाची चिप बसवली आहे. ती मानेची हालचाल चष्म्यातच मोजते आणि पडदा समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगल्यासारखा जागच्या जागी ठेवते. लॅपटॉपवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. दोन मॉनिटर शेजारी ठेवल्यासारखा लांबडा पडदाही करता येतो. अर्धा भाग नजरेबाहेर जातो, पण मान वळवली की तो तिथेच सापडतो. माझ्या मते जास्तीच्या पैशांतला मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे.

पण हीच सोय गाडीत अडचण होते. चष्म्याला कळतं फक्त आपण वळलो एवढंच. वळली ती मान की गाडी, हे त्याला कळत नाही. खंडाळ्याच्या घाटात माझा पडदा प्रत्येक वळणाला खिडकीकडे सरकत गेला. शेवटी मी बटण दाबून तो डोक्याबरोबर फिरणाऱ्या मोडवर टाकला, म्हणजे स्वस्त चष्म्यासारखाच करून घेतला.

दुसरा फरक काचांचा. स्वस्त चष्म्यांत पॅनल, म्हणजे तो इवलासा पडदा, वर भुवईपाशी असतं. त्याचा प्रकाश खाली अर्धपारदर्शक आरशावर पडतो आणि वळणदार आरशावरून डोळ्यात येतो. ही रचना खालचा उजेडही उचलते. पांढरा शर्ट घालून दिव्याखाली बसलात तर पडद्याच्या खालच्या भागात शर्टाची धुरकट छटा तरंगते, काळ्या प्रसंगात तर बटणंही मोजता येतात. वन प्रोच्या चपट्या प्रिझममध्ये हे बरंच कमी झालंय. शिवाय त्याच्या काचा बटणावर गडद होतात. स्वस्तात बहुधा पुढून प्लॅस्टिकचं झाकण लावायचं. रात्रीच्या बसमध्ये तसाही अंधारच असतो.

वन प्रो दोन मापांत येतो, कारण डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर जुळलं नाही तर कडा पुसट दिसतात. ५७ ते ६६ मिलिमीटरला एक, ६६ ते ७५ ला दुसरा. चष्मेवाला हे अंतर दोन मिनिटांत मोजून देतो.

दोन्हींपैकी काहीही घ्या, त्याआधी फोनचं भोक तपासा. यूएसबी-सी असलं म्हणजे चित्र बाहेर येतंच असं नाही. त्यात डिस्प्लेपोर्टची सोय लागते. आयफोन १५ पासून ती आहे, सॅमसंगच्या एस मालिकेत आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक पंधरा-वीस हजारांच्या फोनांत नसते.

चुलतभाऊ महिन्यातून दोनदा पुणे-नागपूर स्लीपरने जातो, पडल्या पडल्या सिनेमे बघतो, लॅपटॉप घरीच असतो. त्याला मी स्वस्तच घ्यायला सांगितलं. फोन त्याचा चालतो, ते आधी बघून घेतलं. त्याचा नंबर उणे साडेतीन आहे आणि थोडा सिलिंड्रिकलही. हा पडदा डोळ्यांना काही मीटर लांब भासतो, त्यामुळे लांबच्या नंबरवाल्याला चष्म्याशिवाय तो धूसरच दिसणार. (काकांना फक्त वाचायचा चष्मा आहे, त्यांनी माझा घालून सबटायटल्स धडाधड वाचली.) काही मॉडेलांना नंबर फिरवायची चकती असते, पण ती सिलिंड्रिकल नंबर भरून काढत नाही. म्हणून वाचलेल्या पैशांतून आत अडकवायच्या छोट्या फ्रेममध्ये नंबरची भिंगं बसवून घे म्हटलं, आणि त्याआधी डोळे पुन्हा तपासून ये. त्याची चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची आहे.