गर्भजलात भरपूर, पेशीत रिकामं

गर्भजल परीक्षा म्हटलं की आपल्याकडे अजूनही बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत ती ‘मुलगा की मुलगी’ बघायला सर्रास वापरली गेली. त्याविरुद्ध देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्राला १९८८ मध्ये करावा लागला, केंद्राचा आला १९९४ मध्ये. आनुवंशिक चयापचय आजार शोधायला मात्र ही तपासणी आजही कायदेशीर आहे, आणि मला सांगायचंय ते त्याबद्दल.

सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई घालतात आणि वीसेक मिलिलिटर पाणी काढतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाशी साका बसतो. हा साका म्हणजे बाळापासून सुटलेल्या पेशी. वरची निवळी वेगळी ठेवतात आणि पेशी दोन-तीन आठवडे वाढवतात. मग दोन्हींत एन्झाइम (पाठ्यपुस्तकातलं विकर) मोजतात. मोजतात म्हणजे त्याचं काम मोजतात: एक कृत्रिम रेणू द्यायचा, एन्झाइमने तो तोडला की सुटा झालेला तुकडा अतिनील प्रकाशात निळा चमकतो. तासाभरात चमक किती वाढली, तेवढं एन्झाइम.

टे-सॅक्ससारख्या आजारात हिशेब सरळ आहे. हेक्सोसॅमिनिडेज-ए हे एकच एन्झाइम काम करत नाही, पेशींत चमक जवळपास शून्य. माझा जीव अडकलाय तो आय-सेल नावाच्या दुर्मिळ आजारात. यात मुलाची वाढ खुंटते, सांधे आखडतात, बहुतेक मुलं लहानपणीच दगावतात. पण गर्भजलाच्या निवळीत एन्झाइमं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात, तीही अनेक प्रकारची. आणि त्याच पाण्यातल्या पेशी वाढवून बघाव्यात, तर त्यांच्यात जेमतेम!

पेशीत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात, जुन्या रेणूंची मोडतोड तिथे होते. मोडतोडीची एन्झाइमं तयार होतात दुसरीकडे. वाटेत पेशीतल्याच गॉल्जी यंत्रणेत त्यांच्या मॅनोज साखरेवर फॉस्फेटची खूण चढते. डबेवाल्यांच्या डब्यावर रंगाची खूण असते ना, तशीच. आय-सेलमध्ये ही खूण करणारं एन्झाइमच बिघडलेलं असतं. डब्यातली भाजी उत्तम, पण झाकण कोरं. असे बिनखुणेचे डबे पेशीबाहेर पडतात आणि गर्भजलात साचतात.

१९७२ मध्ये हिकमन आणि न्यूफेल्ड या संशोधकांनी हे फार सुंदर दाखवलं. निरोगी पेशींचं एन्झाइम आजारी पेशींनी आत घेतलं. आजारी पेशींनी बाहेर टाकलेलं एन्झाइम दुसऱ्या पेशींनी जवळ केलं नाही. म्हणजे दार शाबूत, खूण गायब. ती खूण मॅनोज-६-फॉस्फेट आहे हे १९७७ मध्ये कळलं. याला अपवादही आहेत: उदाहरणार्थ, बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम वेगळ्या वाहक प्रथिनाचा हात धरून लायसोसोममध्ये जातं, त्यामुळे आजारी पेशींतही ते ठीकठाक असतं. बाकीची बरीच घटलेली आणि हे जागेवर, असं दिसलं की संशय पक्का होत जातो.

असं मूल जन्मलं की घरात पहिला प्रश्न आईला: ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? विळीचा इथे काडीचा संबंध नाही. आई-बाप दोघांकडे त्याच जनुकाची एकेक सदोष प्रत असते आणि दर गरोदरपणात धोका चारात एक. मामाची मुलगी करून घेण्याच्या चालीत दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, पण ते बोलायला कुणी तयार नसतं. ‘सगळे आजार एका तपासणीत’ अशा जाहिरातींनाही भुलू नये. आधीच्या मुलाचं निदान हाती असेल तर कोणतं एन्झाइम मोजायचं ते ठरतं.

निवळीतल्या एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. गर्भजलातली एन्झाइमं गर्भाच्या वयाप्रमाणे बदलतात, म्हणून सोळा आठवड्यांच्या पाण्याशेजारी त्याच वयाचा निरोगी नमुना ठेवून बघावं लागतं. सुई घालताना आईचं रक्त मिसळलं तरी आकडा बिघडतो. निवळीचा निकाल लवकर येतो. पेशींचा यायला त्या वाढाव्या लागतात, तोवर आई-बाप दिवस मोजत बसतात.