जुना संगणक आणि लिनक्स : बदल करण्यापूर्वीची माहिती

आदरणीय ग्राहक,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० साठीचे नियमित सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत आणि ‘आता हा टाकून द्यायचा का?’ अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. टाकून देण्याआधी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही विनामूल्य सिस्टिम वापरून पाहावी, असे आम्ही सुचवतो. मात्र ती घाईने इन्स्टॉल करू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. इन्स्टॉल करण्याचे काम फार वेळ घेत नाही. वेळ लागतो तो त्याआधीच्या तपासणीला, म्हणून या पत्रकाचा बराचसा भाग तिच्यासाठीच दिला आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला कर्नल (सिस्टिमचा गाभा) म्हणजे लिनक्स. त्याच्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर आणि इतर साधने जुळवून जो पूर्ण संच तयार होतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. विंडोजची सवय असलेल्यांना आम्ही बहुधा लिनक्स मिंट देतो, कारण त्याची मांडणी ओळखीची वाटते आणि २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. चार जीबी रॅमवर तो चालतो. पण जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यास जो फरक पडतो, तो कोणताही डिस्ट्रो बदलून पडत नाही. दर महिन्याला नवा डिस्ट्रो घालून पाहण्याचा छंद कामाच्या संगणकावर करू नये, हे जाता जाता सांगितलेले बरे.

लिनक्स इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यासाठीची आयएसओ फाइल (डिस्ट्रोची पूर्ण प्रत) अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्याचा आकडा) जुळवून पाहावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन डाउनलोडचा दुवा बदलला गेला होता आणि मागच्या दाराची (बाहेरच्याला गुपचूप शिरता येण्याची) सोय केलेली फाइल काही लोकांपर्यंत पोहोचली होती. त्यामुळे चेकसम जुळवण्याची दोन मिनिटे वाचवू नयेत. पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम थोडी संथ वाटते, तेव्हा वेगाबद्दलचे मत तेवढ्यावरून बनवू नये. वाय-फाय जोडावे, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, प्रिंटरवर एक पान काढावे. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि पुन्हा उघडावा. पडदा काळाच राहिला किंवा वाय-फाय परत जोडले गेले नाही, तर ती अडचण आजच कळलेली बरी, कारण आमच्या अनुभवात जुन्या लॅपटॉपवर सर्वाधिक तक्रारी याच ठिकाणी येतात.

त्यानंतर आपण रोज वापरता त्या प्रोग्रामची यादी करावी. बहुतेकांची यादी ब्राउझर, पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि व्हिडिओ एवढ्यावर संपते आणि त्यांना काही अडत नाही. परंतु ज्या एका प्रोग्रामवर आपला व्यवसाय चालतो तो केवळ विंडोजसाठीच बनलेला असेल, तर प्रश्न वेगळा होतो. वाइन या साधनामुळे असे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात, काही अर्धवट चालतात आणि काही मुळीच चालत नाहीत. वापरून पाहिल्याशिवाय त्याची हमी आम्ही देत नाही. अशा वेळी ‘आपण बदल करू नये’ असे आम्ही ग्राहकांना स्पष्ट सांगतो.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिबरऑफिस असते. ते २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले आणि विंडोजवरही चालते, त्यामुळे त्याची सवय आजच्या संगणकावरच महिनाभर आधी करून घेता येते. आपल्या फाइलींपैकी सर्वांत किचकट तीन फाइली त्यात उघडून पाहाव्यात. मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकलेला दिसला, तर बहुधा फॉन्टचा दोष असतो. कॅलिब्री आणि कँब्रिया यांच्याशी अक्षराक्षराच्या रुंदीने जुळणारे कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट बसवल्यावर मांडणी पुष्कळदा जागेवर येते. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या तक्त्यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. ते एकेक करून तपासावे लागतात.

बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातल्या चार-सहा फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. न उघडून पाहिलेल्या बॅकअपला आम्ही बॅकअप मानत नाही. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) कोणताही बदल करण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, अन्यथा विंडोज पुढच्या वेळी तीच मागेल आणि आपला सगळा डेटा कुलपाआड राहील. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायच्या असतील, तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे; ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि तिच्या डिस्कवर लिनक्सला सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

बदल झाल्यानंतरची देखभाल फारशी नाही. अपडेट मॅनेजर सुचवेल ते अपडेट घ्यावेत आणि प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच बसवावेत. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे साधन असते. अपडेटनंतर काही बिघडले तर ते सिस्टिम आधीच्या स्थितीत आणते. मात्र मूळ सेटिंगमध्ये ते आपल्या घरच्या फोल्डरमधील कागदपत्रे आणि छायाचित्रे जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

‘लिनक्सला धोका नसतो’ असे कुणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लहानशा साधनात, विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी व्यक्तीने मागचे दार घुसवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकले आणि त्या शोधातून ते सापडले. स्रोत खुला असल्याने मुळापर्यंत जाता आले हे खरे. तरी डेबियन आणि उबंटू या डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्या वाचल्या त्या एक्सझेडचा तो नवा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता म्हणून. याच कारणासाठी आम्ही ग्राहकांच्या संगणकावर अगदी ताजी आवृत्ती न घालता दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्ती घालतो.

ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत, आम्ही शुल्क घेतो ते केवळ सेवेचे. संगणक आणताना चार्जर, बिटलॉकरची की, आपल्या प्रोग्रामची यादी आणि त्या तीन किचकट फाइली सोबत आणाव्यात. पेनड्राइव्हवरची चाचणी आम्ही आपल्यासमोरच करतो आणि डिस्कला हात लावण्यापूर्वी आपला होकार लेखी घेतो.