ग्रंथाचं वय वेगळं, पोथीचं वेगळं
जुनी पोथी सापडल्याची बातमी आली की मथळ्यात 'हजारो वर्षांपूर्वीची' हे ठरलेलंच. जुना असतो तो ग्रंथ. पोथी बहुतेक वेळा त्यामानाने पोरसवदा असते. ऋग्वेदाच्या प्राचीनतेबद्दल नव्याने काही सांगायला नको. पण भांडारकर संस्थेतल्या ज्या ३० ऋग्वेद-पोथ्या २००७ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यांतली सर्वांत जुनी १४६४ सालची आहे.

ताडपत्र म्हणजे जुनं आणि कागद म्हणजे नवं, हाही एक गैरसमज. ताडपत्रावर एकोणिसाव्या शतकातही लिहीत होते. असो.

खरी फसगत होते ती शेवटच्या पानावर. तिथे शक दिसला की लोक ती पोथीची जन्मतारीख धरतात. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस 'शके बाराशतें बारोत्तरें' ही ओवी आहे. लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नावही आहे. हा रचनेचा काळ, इसवी सन १२९०. नक्कल करणारा ही ओवीही इमानाने उतरवणार, मग तो तीनशे वर्षांनंतरचा का असेना. नकलेची तारीख असलीच तर त्यानंतरच्या पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या समाप्तीच्या मजकुरात शोधायची. तिथेही जपून, कारण काही लेखनिक समोरच्या पोथीची पुष्पिकासुद्धा जशीच्या तशी उतरवून मोकळे होतात. म्हणून अक्षराचं वळण आणि कागदही तपासावा लागतो.

'कार्बन चाचणी करा की' म्हणणाऱ्यांनी बख्शाली पोथी आठवावी. १८८१ साली पेशावरजवळ सापडलेली ही गणिताची भूर्जपत्रं, म्हणजे भूर्जवृक्षाच्या सालीवर लिहिलेली पानं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने २०१७ साली तीन पानांच्या चाचण्या जाहीर केल्या, तर तीन वेगवेगळे काळ निघाले: तिसरं-चौथं शतक, आठवं आणि दहावं. या पोथीत शून्याची खूण आहे, त्यामुळे लगेच 'सर्वांत जुनं शून्य' म्हणून गाजावाजा झाला. पण चाचणी सालीचं वय सांगते. तिच्यावर शाई कधी लागली ते नाही. मजकूर सलग एकच दिसतो, तेव्हा सर्वांत नव्या पानाआधी तो लिहिला गेलाच कसा, ही अभ्यासकांची हरकत मला पूर्ण पटते.

कुठल्याही जीर्ण पोथीला 'मूळ प्रत' म्हणणाऱ्यांपुढे तर मी हात टेकले आहेत. ती बहुधा नकलेची नक्कल असते. आणि जुनी म्हणून तिचाच पाठ, म्हणजे मजकूर, शुद्ध, असंही नाही. चांगल्या पोथीवरून काळजीपूर्वक उतरवलेली सतराव्या शतकातली नक्कल आणि तिच्याहून जुनी पण घाईत खरडलेली पोथी समोर असतील, तर पाठासाठी मी नक्कलच आधी उघडेन.