जिब्राल्टरचा फसलेला वेढा (१३४९-५०)

१३४९ मध्ये कॅस्टिलचा, म्हणजे स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्याचा, राजा अकरावा अल्फोन्सो स्पेनच्या दक्षिण टोकावरच्या जिब्राल्टरला वेढा घालून बसला. हा किल्ला त्याच्याच कारकिर्दीत हातचा गेला होता आणि तो सल त्याच्या मनातून कधीच गेला नाही.

कॅस्टिलने जिब्राल्टर १३०९ मध्ये जिंकलं होतं. १३३३ मध्ये मोरोक्कोच्या मरिनी घराण्यातल्या सुलतान अबुल हसनचा मुलगा अब्द अल-मलिक सामुद्रधुनी ओलांडून चालून आला. किल्लेदार वास्को पेरेझ दे मेइराच्या कोठारात धान्य बेताचंच होतं. रसदीचा पैसा त्याने स्वतःसाठी वापरल्याचा ठपका राजाच्या बखरीत आहे. शिबंदीवर ढालींचं कातडं उकडून खायची वेळ आली. जूनमध्ये तिने दरवाजे उघडले, आणि अल्फोन्सोची कुमक पोहोचली ती त्यानंतर काही दिवसांनी! त्याने लगेच उलट वेढा घातला. पण पाठीवर ग्रानादा या दक्षिण स्पेनमधल्या मुसलमानी राज्याची फौज आणि घरात सरदारांचं बंड, त्यामुळे तह करून परतावं लागलं.

पुढे दिवस पालटले. १३४० मध्ये सालादो नदीकाठी त्याने त्याच अबुल हसनला धूळ चारली. वीसेक महिने झुंजून १३४४ मध्ये जिब्राल्टरजवळचं अल्हेसिरास बंदर घेतलं, त्यानंतर दहा वर्षांचा तह झाला. मग मोरोक्कोत बाप-लेकांत जुंपली आणि जिब्राल्टर मुलाच्या, अबू इनानच्या, पक्षाला गेलं. तह बापाशी झाला होता, मुलाशी नव्हे, म्हणून अल्फोन्सोने संधी साधली. मात्र मधल्या वर्षांत अबुल हसनने तटबंदी चांगलीच भक्कम करून ठेवली होती, त्यामुळे हिवाळा छावणीतच काढावा लागला.

तिथे प्लेग शिरला. वेढा उठवा म्हणून सरदारांनी विनवण्या केल्या. जी जागा माझ्या काळात गेली ती मरणाच्या भीतीने सोडणं लाजिरवाणं आहे, असं म्हणून राजा हटून बसला. माझ्या मते अल्हेसिरासच्या यशानेच त्याला हा हट्ट शिकवला; तिथे चिकाटी फळली होती. २६ मार्च १३५० रोजी, गुड फ्रायडेला, वयाच्या ३८व्या वर्षी तो प्लेगनेच गेला. राजाचं शव घेऊन निघालेल्या फौजेवर मुसलमानांनी हल्ला केला नाही, असं बखर आवर्जून सांगते.

त्यानंतर थोड्याच काळात इब्न बतूता जिब्राल्टरला आला. हाच प्रवासी काही वर्षांपूर्वी आपल्या दौलताबादेत येऊन गेला होता. किल्ल्याच्या रक्षणासाठी लढायचं त्याच्या मनात होतं, पण लढाई संपलेली होती.

अल्फोन्सोनंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा पेद्रो अवघा पंधरा वर्षांचा. पुढे तो सावत्र भावांशी झगडण्यातच गुंतला. जिब्राल्टर कॅस्टिलच्या हाती आलं ते थेट १४६२ मध्ये.