पार्श्वभूमी : गुणलेखकाच्या खुर्चीतला बातमीदार

अमेरिकेतल्या शहरी दैनिकात बेसबॉलचे बीट सांभाळायचे म्हणजे फेब्रुवारीतल्या सराव शिबिरापासून एकाच संघाच्या मागे फिरायचे. हंगामात १६२ सामने, त्यातले ८१ परगावी. 'स्थानिक' म्हणवणारा बातमीदार निम्मा हंगाम घराबाहेरच असतो. हे काम करणारे आता कमी होत चालले आहेत, आणि त्यांच्याबद्दल हळहळताना पूर्वीचा बातमीदार कसा स्वतंत्र होता, हे हमखास सांगितले जाते. ते खरे नाही. कित्येक दशके त्याच्या आगगाडीचे आणि हॉटेलचे पैसे संघच भरत असे. शिवाय सामन्याचा अधिकृत गुणलेखकही अनेकदा तोच असे.

ही गुणलेखकाची खुर्ची नीट समजून घ्यायला हवी. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला, तर फलंदाजाला हिट (यशस्वी फटक्याचे श्रेय) द्यायची की क्षेत्ररक्षकाच्या नावावर चूक लावायची, हे पंच ठरवत नाहीत. प्रेस बॉक्समध्ये बसलेला गुणलेखक ठरवतो. फलंदाजाची सरासरी (फलंदाजीच्या दर संधीमागे किती हिट) त्यावर, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावर किती धावा लागणार तेही त्यावर, आणि पुढच्या वर्षीच्या कराराची बोलणी या आकड्यांवर. असा निकाल द्यायचा आणि तासाभराने त्याच खेळाडूपुढे वही घेऊन उभे राहायचे!

१९२२ चा मे महिना, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, पावसाळी दुपार. डेट्रॉइटच्या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या फलंदाजाने जमिनीलगत फटका मारला. गुणलेखक असलेल्या बातमीदाराने ती चूक धरली. वृत्तसंस्थेसाठी लिहिणाऱ्या दुसऱ्याने हिट. हंगाम संपल्यावर लीगच्या अध्यक्षांनी वृत्तसंस्थेचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकडेतक्ता) ग्राह्य धरला आणि .३९९ ची सरासरी .४०१ झाली. बातमीदारांच्या संघटनेने निषेध नोंदवला. तेव्हा संघटनेच्या अध्यक्षपदी होता ती हिट देणारा बातमीदारच, आणि त्याने स्वतःच्या नोंदीविरुद्ध अधिकृत गुणलेखकाची बाजू घेतली. या व्यवसायाच्या इतिहासातला इतका सरळ माणूस मला दुसरा आठवत नाही. आकडा मात्र .४०१ च राहिला.

पुढे १९७० च्या दशकात एकेका दैनिकाने आपल्या माणसांना हे काम करायला मनाई केली. १९८० पासून स्वतंत्र गुणलेखक नेमले जाऊ लागले. रोज सामना पाहणाऱ्याइतकी जाण दुसऱ्या कोणाला असणार, हा जुन्या मंडळींचा आक्षेप खोटा नव्हता. तरीही निर्णय योग्यच होता, फक्त फार उशिरा झाला.

दारे उघडायलाही असाच उशीर लागला. बातमीदारांची ही संघटना १९०८ साली जन्मली, ती प्रेस बॉक्समध्ये बसायला धड जागा मिळावी म्हणून. पण १९४७ साली मैदानावरची वर्णभेदाची भिंत पडली, तरी कृष्णवर्णीय बातमीदाराला तिचे सभासदत्व १९४८ मध्ये मिळाले. महिला बातमीदारांना ड्रेसिंग रूमच्या दारात अडवले जाई. १९७८ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. वेबसाइटसाठी लिहिणाऱ्यांना सभासदत्व मिळायला २००७ साल उजाडले. २०२० च्या साथीत ड्रेसिंग रूम सर्वांनाच बंद झाली, ती २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात खेळाडूशी बोलणे फक्त पडद्यावरून, तेही सगळ्यांबरोबर एकदम. एकट्याने कानोसा घेण्यावर ज्याचे काम चालते, त्याची ही फार मोठी हानी होती.

पेच मात्र सुटलेला नाही. सलग दहा वर्षे सभासद राहिलेल्याला हॉल ऑफ फेमसाठी (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनातल्या निवडीसाठी) मत मिळते आणि वार्षिक पुरस्कारही बातमीदारच ठरवतात. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसच्या मोठ्या दैनिकांनी आपल्या माणसांना अशा मतदानाची बंदी केली. बाकीचे मत देत राहिले. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात तरुण खेळाडूंसाठी वर्षाला ५ कोटी डॉलरचा बोनस निधी ठेवला गेला, आणि त्यातला काही वाटा थेट या पुरस्कारांवर ठरतो. सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्याला २५ लाख डॉलर. ती मते देणारे दोघे-दोघे प्रत्येक शहरातले असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच ड्रेसिंग रूममध्ये जायचे असते.